अडीच इंचांची कड

"अहो आजोबा! बाजूला व्हा ना जरा!"

बसच्या ड्रायव्हरने अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं होतं, तरी त्याचा आवाज दुरून, पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. सकाळचे साडेनऊ झाले होते. नव्या, मधाच्या रंगाच्या फरशीवर ऊन असं काही पसरलं होतं, की फुटपाथ कुठे संपला आणि रस्ता कुठे सुरू झाला ते डोळसालाही कळू नये. त्या उजेडाच्या मधोमध एक म्हातारा माणूस शांत उभा होता. पांढरा शर्ट, हातात काठी, मान किंचित कललेली. मागे बस, पुढे पाण्याचा टँकर, आणि हा आपला कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

ती समोरच्या बाजूला गटाराच्या नव्या झाकणावर लेव्हल ठेवून बसली होती. आतला हिरवा बुडबुडा मधोमध येतो का ते बघत होती. आरडाओरडा ऐकून तिने मान वर केली. तिच्या मनात आधी एवढंच आलं, किती सरळ उभा आहे हा माणूस. आणि मग तिने ओळखलं. ते तिचे बाबा होते.

ती धावली. डोक्यावरचं पिवळं हेल्मेट मागे कुठेतरी घरंगळत गेलं. तिने बाबांचा दंड धरला तेव्हा ते दचकले.

"कोण?"

"मी आहे, बाबा."

"तू होय! मग ठीक आहे." ते हसले, पण तिच्या खांद्यापलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून. "हा बसवाला मघापासून कुणावर तोंडसुख घेतोय गं? फुटपाथवर बस घातली की काय त्याने?"

"बाबा, तुम्ही रस्त्यावर आहात. मधोमध."

बाबांनी काठी डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. सगळीकडे तेच गुळगुळीत. मग घरातल्या एखाद्या माणसाची चौकशी करावी तसं त्यांनी हळूच विचारलं,

"कड कुठे गेली?"

तिने त्यांना हाताला धरून दुकानांच्या बाजूला नेलं. कड कुठे गेली हे त्या गावात तिच्याइतकं नक्की कुणालाच माहीत नव्हतं.

बाबा चौतीस वर्षं पोस्टमन होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी बाजारात त्यांना सगळे पोस्टमनकाकाच म्हणत. नाकासमोर चालणारा माणूस असं आपण म्हणतो, ते त्यांच्या बाबतीत शब्दशः खरं होतं. गावाच्या मधून जाणारा हा रस्ता ग्रंथालयापासून बस थांब्यापर्यंत पसरलेला. सावलीच्या बाजूने जायचं आणि उन्हाच्या बाजूने परत यायचं, असं त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्तीनंतर टपालाची पिशवी गेली, पण चालणं सुटलं नाही. रोज सकाळी गल्लीतून निघून ते किल्लीवाल्याच्या दुकानात जाऊन बसत. किल्लीवाला कानशीने दाते घाशी, काका जगाच्या गोष्टी सांगत, आणि बाराच्या सुमाराला परत फिरत.

मग काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले होते, नजर कडांकडून जाते, मधली सगळ्यात शेवटी. बाबा कुणाला फारसं काही बोलले नाहीत. "मला पुरतं तेवढं दिसतं," एवढंच म्हणत. ते फुटपाथच्या जुन्या नऊ इंची कडेला काठी लावून चालत होते आणि ती कडच त्यांना रोज नेऊन आणत होती, हे लेकीच्याही लक्षात आलं नव्हतं. एका घरात राहून माणसं एकमेकांना किती कमी बघतात.

आणि ती कड तिने काढली होती. तीही आईसाठी.

नऊ वर्षांपूर्वी आई औषधांची पिशवी घेऊन दुकानातून बाहेर पडली, त्याच कडेवरून तिचा पाय चुकला, आणि खुब्याचं हाड मोडलं. आठ महिने मागच्या खोलीत पडून होती, मग गेली. लेक तेव्हा रस्ते विभागात नुकतीच लागली होती. ज्या दुपारी आई पडली, त्या दुपारी ती दुसऱ्याच कुठल्यातरी रस्त्याची रुंदी मोजत होती. नऊ इंच म्हणजे किती, हे तिला मोजपट्टीने शिकवलं नाही, आईने शिकवलं.

म्हणून या रस्त्याचं रूप पालटायचं ठरलं आणि काम तिच्याकडे आलं, तेव्हा ती पहिल्या बैठकीपासून एकाच गोष्टीसाठी भांडली. पायरी नको. कुठेही नको. भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं एका पातळीत. आराखडा करणारा खूश झाला, त्याला असा सलग दिसणारा रस्ता हवाच होता. तिने कागदावर लिहिलं, "कड ठेवण्याची गरज नाही," आणि खाली सही केली. कामावरचे लोक तिला पाठीमागे लेव्हलबाई म्हणू लागले. तिला ते आवडायचं.

वाईट काही झालं होतं अशातला भाग नाही. पहिला टप्पा खुला झाला त्या दिवशी चाकांच्या खुर्चीतली एक बाई ग्रंथालयापासून चौकापर्यंत कुणाची मदत न घेता गेली, परत आली, पुन्हा गेली, आणि लहान मुलीसारखी हसत राहिली. ते हसू ऐकून मुकादमसुद्धा दोन मिनिटं काम थांबवून उभा होता.

पण बससमोरच्या त्या सकाळनंतर बाबा घराबाहेर पडले नाहीत. "उद्या जाईन," असं पहिले आठ-दहा दिवस म्हणाले. मग तेही म्हणेनासे झाले. खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसत. बाहेरून हातगाडी गेली की म्हणत, "भाजीवाला नाही हा, याची चाकं रबराची आहेत." त्यांच्या कानांना काम उरलं होतं, पायांना नव्हतं. पाय सुजू लागले.

तिकडे रस्ता पुढे सरकत होता. काम चालू असलेल्या रस्त्याला स्वतःची एक झोप असते. गाड्या बंद, दुकानांसमोर फळ्या टाकलेल्या, त्यावरून माणसं तोल सावरत जाताहेत, आणि सगळ्यावर फरशी कापणाऱ्या यंत्राची बारीक पांढरी धूळ. त्या धुळीतून ऊन आलं की पलीकडची बाजू दुसऱ्याच गावातली वाटायची. आठ-आठ तास ती त्यात उभी असे. कधी कधी तिला वाटे, आपण हा रस्ता बनवत नाही, तोच रोज थोडा थोडा आठवतो आहे आणि आपण फक्त तिथे हजर आहोत.

एका दुपारी किल्लीवाल्याने तिला हटकलं.

"काका येत नाहीत?"

"बरं नाहीये त्यांना."

"किती दिवस बरं नाही? दीड महिना झाला. माणूस आजारी असेल तर मी बघायला येतो, नसेल तर भांडायला येतो. कशाला येऊ ते सांगा."

तो संध्याकाळी आलाच. हातात किल्ल्यांचा जुडगा, तो टेबलावर ठेवून बसला. बाबांना त्याच्या आवाजानेच तरतरी आली.

"भांडायला आलोय," किल्लीवाला म्हणाला. "चला उद्यापासून. मी न्यायला येतो."

"नेलं म्हणजे मी गेलो असं होत नाही रे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारी गेलो, ते स्वतःच्या पायांनी. आता मला पार्सल करून नेणार का?" बाबा थोडं थांबले. "रस्ता अनोळखी झालाय. अनोळखी माणसाशी बोलता येतं. अनोळखी रस्त्याला काय विचारणार? आणि ही सपाट कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली ना, त्याला एकदा डोळे बांधून सोडा तिथे."

किल्लीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. बाजारात सगळ्यांना माहीत होतं. ती तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होती. पेला भरून पाणी टेबलावर आलं तरी ओतत राहिली.

तो रविवार तिला पुढे कित्येक वर्षं आठवत राहिला. काम बंद होतं, दोन्ही टोकांना अडसर लावलेले, आणि पहाट संपून सकाळ व्हायची वेळ. थोडं धुकं होतं. ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशी उभी राहिली, डोळे मिटले आणि चालायला लागली.

पहिली वीस पावलं सोपी गेली. रस्ता तिचा होता, प्रत्येक फरशी तिने मोजून घेतली होती. मग हळूहळू सगळं विरघळलं. पायाखाली सगळीकडे एकच चव, पाणीसुद्धा नव्हे, पाण्याच्या आठवणीसारखी. बेकरीचा वास आला तसा गेला. कुठेतरी शटर वर गेलं, पण ते उजवीकडे की मागे ते कळेना. आपण चालतोय की उभ्या आहोत आणि रस्ताच सरकतोय, याचीही खात्री राहिली नाही. पण डोळे उघडावेसे वाटेनात. त्या सपाट, मऊ अंधारात तिला क्षणभर असं वाटलं, की आई आपल्या पुढे चालली आहे, पिशवी घेऊन, न पडता. चालत राहावं आणि तिला गाठावं.

कुणीतरी तिचा कोपर घट्ट धरला.

"बाई! अहो बाई, झोपेत चालताय का?"

तिने डोळे उघडले. उन्हाच्या बाजूचा बूटवाला होता, हातात झाडू. ती औषधांच्या दुकानाच्या दारात आहे असं समजत होती. प्रत्यक्षात रस्ता ओलांडून उन्हाच्या बाजूला आली होती, आणि झाडासाठी खणलेला खड्डा तिच्यापासून दोन पावलांवर होता.

"मी बघत होते," ती म्हणाली.

"डोळे मिटून?"

"हो."

बूटवाल्याने तिच्याकडे, मग खड्ड्याकडे पाहिलं. मग तो आत गेला आणि तिच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आला.

त्याच दुपारी तिने बाबांसमोर खुर्ची ओढली.

"बाबा, कड मी काढली. दुसऱ्या कुणी नाही. सही माझी आहे."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, ती पूर्ण विरेपर्यंत बाबांनी तिकडेच कान दिला.

"तुझ्या आईमुळे," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"हो."

"मला वाटलंच होतं. पण वाटणं वेगळं." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "नोकरीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट सांगतो. एक पत्र मी चुकीच्या दारात टाकलं. निळं, पातळ पाकीट. बस थांब्यापर्यंत पोचलो आणि लक्षात आलं. सोडून देता आलं असतं, लोक देतात शेजारी नेऊन. पण परत गेलो. दार वाजवलं. एक बाई होती, एकटी राहायची, तिला कुणाचं पत्र येत नसे. तिने ते फोडलं होतं. पायरीवर बसून वाचत होती आणि डोळ्यांतून पाणी. म्हटलं, ताई, हे तुमचं नाही, चूक माझी, परत द्या. तर म्हणते, मला माहितीये माझं नाही, पण काय सुंदर लिहिलंय हो."

"मग?"

"मग काय. घेतलं. ज्यांचं होतं त्यांना फोडलेलं पत्र नेऊन दिलं, तिथेच उभा राहून सांगितलं माझ्यामुळे झालं म्हणून. त्यांनी तक्रार केली, माझ्या पुस्तकात लाल शेरा पडला. पण त्या बाईला मी पुढे वर्षातून एकदा, स्वतः, एक कार्ड टाकत असे. नाव न घालता. तुझ्या आईला माहीत होतं." ते पहिल्यांदा हसले. "आपण टाकलेलं आपणच उचलायचं, पोरी. लाज कसली त्यात? फक्त नऊ इंच नको. तुझ्या आईला नऊ जड गेले."

पुढचा तास त्या घरात एक विचित्र खेळ चालला होता. ती कामावरून वेगवेगळ्या जाडीच्या फळ्या घेऊन आली. एकेक जमिनीवर मांडायची आणि बाबांना वरून चालायला लावायची. एक इंच. "काही कळलं नाही." दीड. "सतरंजीची घडी असेल." दोन. "कळल्यासारखं वाटतंय, पण पैज लावणार नाही." मग तिने दोनवर अर्ध्याची पट्टी ठेवली. बाबांची काठी तिला टेकली, 'टक्' असा आवाज झाला, आणि पाऊल अलगद खाली उतरलं. तोल गेला नाही.

"हां," ते म्हणाले. "ही कड."

सोमवारी तिने टिपण लिहिलं. हेडक्लार्कने ते वाचलं, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा वाचलं.

"मॅडम, 'माझी चूक झाली' असं फाइलमध्ये लिहीत नाहीत."

"मग काय लिहितात?"

"'पुनर्विचारांती असे आढळून आले की.'"

"आढळून कुणाला आलं?"

"कुणालाच नाही हो. ते आपोआप आढळतं." त्याने आवाज खाली आणला. "अठ्ठावीस वर्षं या टेबलावर आहे. हे वाक्य कागदावर कधी पाहिलं नाही मी. बदला. तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

तिने ते बदललं नाही.

मोठ्या साहेबांनी टिपण समोर ठेवून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, दमलेले होते. "हा तुमच्या घरचा प्रश्न आहे," ते म्हणाले.

"हो साहेब. माझं घर त्याच रस्त्याला लागून आहे. पण काठी घेऊन चालणारे आणखीही आहेत. ते कुणी तक्रार करायला आले नाहीत, कारण ते आता घरातून निघतच नाहीत. मी मोजले. या भागात अकरा जण आहेत."

"लोक म्हणतील, बाईंनी वडिलांची कड घेतली."

"घेतली. आधी आईची घेतली होती. दोघांची एकदम घ्यायला हवी होती, ते सुचलं नाही."

साहेबांनी टिपण पुन्हा जवळ ओढलं. मग त्यांनी अटी सांगितल्या. दुकानदारांची लेखी संमती हवी. तीन आठवडे, एक दिवस जास्त नाही. चाकांच्या खुर्च्यांसाठी दर चौकात उतार ठेवायचा. "आणि चूक लिहून दिलीत, तेव्हा मलाही काहीतरी करावं लागेल. हे संपलं की या कामावर तुम्ही नसाल. समजताय ना?"

"समजतंय."

मग ती दारोदार फिरली. सात महिने खड्डे सोसलेल्या माणसांना आणखी तीन आठवडे मागायचे म्हणजे सुजलेल्या पायावर पाय देण्यासारखं. सगळ्यांनी आधी विचारलं ते एकच, "पोस्टमनकाकांसाठी ना?" आणि ती प्रत्येकाला म्हणाली, "हो. त्यांच्यासाठीही."

औषधवाल्या बाईंनी कागद वाचलाच नाही. "तुमच्या आई माझ्याच दारात पडल्या," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली, अजून कुणी पायरी उतरायला लागलं की माझा हात आपोआप पुढे होतो." त्यांनी सही केली आणि शेजारच्या चार दुकानांतूनही करून आणली. किल्लीवाल्याने तर दोनदा केली, एक स्वतःची, एक 'काकांच्या खुर्चीची'. ती खोडावी लागली.

उन्हाची बाजू मात्र बधली नाही. बूटवाला तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"बाई, मन आहे माझं. त्या सकाळी मी पाहिलंय तुम्हाला. पण सात महिने लोक माझ्या दुकानातून नवे बूट घालून चिखलात उतरले. घरी बायको विचारते, आज तरी कुणी आलं का. आता नाही जमणार."

ती जायला निघाली तेव्हा तो मागून म्हणाला, "राग धरू नका."

"धरला असता," ती म्हणाली, "पण तुम्ही माझा कोपर धरला होता."

मग एकाच बाजूची कड. ती दोन रात्री नाही झोपली असं कुणी म्हणेल, पण खरं तर ती छान झोपली आणि उत्तर तिला आंघोळ करताना सापडलं. फुटपाथ उचलायचा नाही, नाहीतर पाणी दुकानांत शिरेल. रस्ताच खाली न्यायचा. उन्हाच्या बाजूला शून्य, सावलीच्या बाजूला अडीच इंच. सगळा रस्ता झोपलेल्या माणसाने कूस वळवावी तसा एका अंगावर कलवायचा, आणि पाणी एकाच गटाराला लावायचं.

"रचलेलं उचलायचं म्हणजे जेवणाऱ्यापुढचं ताट ओढायचं," मुकादम कुरकुरला. पण दुसऱ्या दिवशी पहिली फरशी त्यानेच उचलली, पाठीवर खडूने नंबर घातला, आणि अशी हळुवार बाजूला ठेवली की जणू ती झोपली आहे आणि जागी होईल. जवळजवळ तीन आठवडे हे चाललं. फरश्या नंबराप्रमाणे रांगेत, खालची वाळू खरवडून पुन्हा दाबायची, दर तीन फुटांवर उतार मोजायला दोरी. आयुष्यभर लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणण्यासाठी धडपडलेली ती, आता तो प्रत्येक फरशीवर जरासा बाजूला सरकलेला बघून मान डोलवत होती.

काम विसाव्या दिवशी संपलं. बाविसाव्या दिवशी तिच्या हातात बदलीचा कागद होता. पार्किंगच्या परवान्यांचा विभाग, सगळ्यात वरचा मजला, आणि एक खिडकी जी उघडत नसे. रस्त्याचं उद्घाटन झालं तेव्हा भाषणात दुसऱ्याच इंजिनिअरचे आभार मानले गेले. ती त्या वेळी परवान्यांवर शिक्के मारत होती. हेडक्लार्क जिना चढून, धापा टाकत, एवढंच सांगायला आला की ते टिपण त्याने फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं आहे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती बाबांना घेऊन गेली होती. त्यांनी तिचा हात सोडला. काठी कडेला लावली. टक्. थोडं पुढे. टक्. मग एक पाय खाली रस्त्यावर ठेवला, वर घेतला, पुन्हा ठेवला.

"अडीच?"

"अडीच."

"पुरे," बाबा म्हणाले. "आता तू जा कामाला. मी येतो फिरून."

त्यानंतर रस्ता त्यांच्या पायांत हळूहळू परत आला. पूर्वीसारखा नाही. पूर्वी ते किल्लीवाल्याकडे दहा मिनिटांत पोचत, आता वीस लागत. उन्हाच्या बाजूला ते कधीच गेले नाहीत. अर्धं गाव त्यांच्यासाठी संपलंच.

महिन्याभराने एका दुपारी ती अर्धी रजा टाकून घरी निघाली. उन्हाच्या बाजूने चालत होती. नव्या झाडांना अजून सावली नव्हती, बुंध्यांना काठ्या बांधलेल्या. पलीकडून बाबा येताना दिसले. एकटे, कडेकडेने, सावकाश. हाक मारावी असं तिला वाटलं, पण ती उभी राहिली.

एक तरुण माणूस हातात मोठी बॅग घेऊन त्यांच्यापाशी थांबला. गावात नवा असावा. त्याने कागद पुढे केला. बाबांनी तो घेतला नाही, कान त्याच्याकडे केला आणि मान कलती करून ऐकून घेतलं. मग काठी उचलून दिशा दाखवली. बाजार शांत होता, त्यांचा जुना, दारोदार हाक मारायचा आवाज रस्ता ओलांडून स्पष्ट आला.

"सरळ जा. ही कड सोडू नका. ती वळली की तुम्हीही वळा. डावीकडे तिसरं दार. हिरवं."

तो आभार मानून गेला. समोरचा माणूस आंधळा आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो वळला, तिसऱ्या दारापाशी थांबला, घोटाळला. दार पांढरं होतं. ते हिरवं होतं तेव्हा ती शाळेत जात असेल. त्याने मागे वळून बाबांकडे पाहिलं. बाबा जागचे हलले नव्हते. काठीवर दोन्ही हात ठेवून ते त्याच बाजूला कान देऊन उभे होते.

त्या माणसाने दार वाजवलं. आतून कडी निघाली, कुणीतरी आनंदाने ओरडलं, बॅग आत ओढली गेली.

मगच बाबांनी काठी पुढे टाकली, आणि ते चालू लागले.